‘मॅडम, यावर काहीच नाहीये’ : कॉलेजच्या मुलांना ग्रंथालयात शोध घ्यायला शिकवताना

निफाड तालुक्यातली एक मुलगी देवघेव काउंटरवर आली. एम.ए. अर्थशास्त्र, पहिलं वर्ष. प्रकल्पाचा विषय : साठवणुकीत होणारं कांद्याचं नुकसान. ओपॅकवर, म्हणजे ग्रंथालयाच्या संगणकावरच्या सूचीत, तिने ‘कांदा सडणे’ टाइप केलं होतं. निकाल शून्य. गूगलवर टाकलं तर फ्रिजमध्ये कांदा ठेवावा की नाही, असले लेख आले. ‘मॅडम, यावर काहीच नाहीये. विषय बदलून घेऊ का?’

घरी कांदा साठवायच्या दोन चाळी. उन्हाळ कांदा किती दिवस दम धरतो, पावसाळी हवेत तो कसा काजळतो, खालचा थर आधी का बसतो, हे ती डोळे मिटून सांगत होती. विषय तिला माझ्यापेक्षा शंभर पटीने ठाऊक होता. ठाऊक नव्हती ती एकच गोष्ट : हा विषय ग्रंथालयाच्या दुनियेत कुठल्या नावाने राहतो. ते नाव सापडल्यावर तासाभरात तिच्यापुढे तीन प्रबंध, दोन पुस्तकं आणि लेखांची चळत होती.

नाशिकच्या महाविद्यालयांत ग्रंथपालाचं काम करताना मला पटलेली गोष्ट हीच. मुलांना शोध घेता येत नाही, कारण घरचा शब्द आणि कपाटातला शब्द यांची गाठ कुणी घालून दिलेली नसते. पुढे लिहिलेलं सगळं ही गाठ कशी घालून द्यायची त्याबद्दल आहे. ग्रंथपालांसाठी आहेच, पण प्रकल्प देणाऱ्या प्राध्यापकांसाठी जास्त.

आधी तयारी : असाइनमेंट हातात नसेल तर तास घेऊ नका

माझी पहिली दोन वर्षं वाया गेली ती इथे. जुलैमध्ये सभागृहात सव्वाशे मुलं, पुढे पडदा, ऐंशी स्लाइड. पुस्तक किती दिवसांसाठी मिळतं, दंड किती, ई-संसाधनं म्हणजे काय. ‘माहिती साक्षरता’ (हवी ती माहिती शोधून, पारखून वापरता येणं) हा शब्द मी त्यात अकरा वेळा वापरला असेन. (हा शब्दप्रयोग १९७४ साली अमेरिकेत पॉल झुरकोव्स्की यांनी रुळवला. मुलांना त्याचं काही देणंघेणं नाही.) ऑगस्टमध्ये त्यातलीच मुलं येऊन विचारायची, ‘मॅडम, पुस्तकं कुठे असतात?’

गरज नसताना सांगितलेलं कुणाच्या लक्षात राहत नाही. म्हणून आता नियम केला आहे : विषय वाटून झाल्यावर आठ-दहा दिवसांत पहिला तास. विभागप्रमुखांकडे आधी जायचं, प्रकल्पांची यादी मागायची, आणि किमान पाच गुण ‘शोधाच्या वहीला’ (कुठे, कसं शोधलं त्याच्या नोंदींना) मिळतील असं त्यांच्याकडून कबूल करून घ्यायचं. गुण नसतील तर पहिल्या तासाला वीस आणि तिसऱ्या तासाला चार मुलं येतात. यात मुलांची चूक नाही.

गट वीस-बावीसचा. त्याहून मोठा असेल तर दोन भाग करा. दीड-दीड तासाचे चार वर्ग पुरतात. जागा ग्रंथालयातलीच हवी, कॉम्प्युटर लॅब नको. संगणक पाच असले तरी भागतं. एका यंत्राशी चौघं बसली की आपसात वाद घालतात, आणि निम्मं शिकणं त्या वादात होतं.

पहिला वर्ग : ‘एक अभ्यास’ काढून टाका

प्रकल्पांची यादी वाचली की अंगावर येतं. ‘नाशिक जिल्ह्यातील द्राक्ष उद्योग : एक अभ्यास.’ ‘गोदावरी प्रदूषण : एक अभ्यास.’ ‘सिंहस्थ कुंभमेळा : एक चिकित्सक अभ्यास.’ हे विषय झाले, यांत प्रश्न कुठेच नाही. आणि प्रश्न नसेल तर शोधायचं काय?

प्रत्येकाला अर्धा कागद द्या. वर विषय लिहायचा आणि खाली पाच शब्द : कोण, कुठे, कधी, किती, का. प्रत्येकापुढे एक ओळ. द्राक्षवाल्या मुलाचं असं झालं. कोण : निर्यात करणारे छोटे बागायतदार. कुठे : दिंडोरी तालुका. कधी : गेली पाच वर्षं. किती : औषधांच्या अवशेषांमुळे माल नाकारला जाण्याचं प्रमाण. का : इथे तो अडला. म्हणाला, ‘मॅडम, का ते तर शोधायचंय.’ मग झाला की प्रश्न!

कुंभमेळावाल्याला मात्र वेगळ्या वाटेने न्यावं लागलं. त्याला २०१५ च्या सिंहस्थाबद्दलही लिहायचं होतं, २०२७ च्या तयारीबद्दलही, आणि पुराणकथाही सोडवत नव्हत्या. अशा मुलाला विचारा, ‘तुझ्या प्रकल्पातलं कुठलं एक वाक्य वाचून महापालिकेच्या इंजिनिअरने कान टवकारावे?’ घाटावरच्या गर्दीची वाट, तात्पुरती शौचालयं, पाणी सोडण्याचं वेळापत्रक, यातलं काहीतरी एक निघतंच. या पायरीला पूर्ण दीड तास गेला तरी हरकत नाही. इथे घाई केली की पुढचे तिन्ही वर्ग पाण्यात.

दुसरा वर्ग : तीन रकान्यांचा कागद

माझ्या मते सगळ्यात मोलाचा वर्ग हाच.

कागदावर तीन रकाने आखायचे : घरचा शब्द, पुस्तकी मराठी, इंग्रजी. काउंटरवर आलेल्या त्या मुलीचा कागद माझ्या टेबलाच्या काचेखाली अजून आहे. ‘चाळ’ – ‘साठवणगृह’ – ‘अनियन स्टोरेज स्ट्रक्चर’. ‘उन्हाळ’ – ‘रब्बी कांदा’ – ‘रबी अनियन’. ‘रांगडा’ – ‘उशिराचा खरीप’ – ‘लेट खरीफ’. ‘सडणं’ – ‘कूज’ – ‘रॉटिंग’. ‘कोंब येणं’ – ‘अंकुरण’ – ‘स्प्राउटिंग’. ‘घट’ या शब्दापाशी ती थांबली. कांदा चाळीत ठेवला की वजन उतरतं, त्याला घरात ‘घट’ म्हणतात. कृषिशास्त्रात त्यालाच ‘फिजिऑलॉजिकल लॉस इन वेट’ म्हणतात. हे इंग्रजी नाव तिला आपोआप सुचणं शक्यच नव्हतं. मिळालं ते असं : आधी ढोबळ शब्दांनी ‘अनियन स्टोरेज लॉसेस’ शोधलं, पहिल्या बऱ्या लेखाचा सारांश वाचला, आणि लेखक तीच गोष्ट कुठल्या शब्दात सांगतो ते पेन्सिलने उचलून तिसऱ्या रकान्यात टाकलं. मग त्या शब्दाने पुन्हा शोध. शोध असा जिन्यासारखा चढायचा असतो, हे मुलांना सांगून कळत नाही. एकदा हाताने करून दाखवावं लागतं.

याच कागदावर नावांचे पर्याय लिहायला लावा. आपल्या गावापुरतं तर हे फारच गरजेचं. जुन्या इंग्रजी साधनांत नाशिकच्या स्पेलिंगमध्ये ‘एच’ नाही. ‘एच’ घालून शोधलंत तर १८८३ चं गॅझेटियर, म्हणजे जिल्ह्याची माहिती देणारा सरकारी ग्रंथ, हाती लागणार नाही. जुन्या मराठीत ‘नासिक’ही आहे. तसंच मनपा, महापालिका, महानगरपालिका.

आणि मराठी टायपिंगचा घोळ. ‘शेतकऱ्यांचा’ या शब्दातला ‘ऱ्या’ युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी टाइप होतो. डोळ्याला दोन्ही सारखे, काही यंत्रांना मात्र वेगळे. त्यामुळे एका तऱ्हेने शोधलेलं दुसऱ्या तऱ्हेने लिहिलेल्या पानावर सापडेलच असं नाही. ‘ॲ’चंही तेच. उपाय साधा आहे : अडचणीचं रूप टाळा, ‘शेतकरी’ शोधा. युनिकोड येण्याआधीच्या फॉन्टमध्ये केलेल्या पीडीएफ आणि नुसत्या स्कॅन केलेल्या पानांत तर शब्दशोध चालतच नाही. तिथे अनुक्रमणिका उघडून डोळ्यांनीच वाचायचं. आमच्याकडे काही जुन्या मराठी पुस्तकांची नोंद रोमन लिपीत झालेली आहे. ‘कांदा’ मराठीत टाकून ती येणार कशी? तुमच्या ओपॅकमध्ये असं काय काय आहे ते तुम्हालाच माहीत असणार. लाज न बाळगता मुलांना सांगून टाका.

शोधाची चिन्हं शिकवायला वीस मिनिटं पुरे. अवतरणचिन्हात टाकलेला शब्दसमूह जसाच्या तसा शोधला जातो. ‘ऑर’ने शोध पसरतो, ‘अँड’ने आवळला जातो. पर्यायी शब्द ‘ऑर’ने, वेगवेगळे मुद्दे ‘अँड’ने. गूगलवर ‘साइट’ आणि विसर्गासारखे दोन ठिपके देऊन सरकारी संकेतस्थळांपुरता शोध घेता येतो. हे फळ्यावर लिहा, आणि लगेच त्यांच्याच कागदावरचे शब्द घालून करायला लावा.

कपाटापाशी

मुक्तद्वार पद्धत (वाचकाने स्वतः कपाटातून पुस्तक काढायची मुभा) नसेल तर प्राचार्यांकडून एका दिवसाची परवानगी काढा, पण मुलांना स्टॅकमध्ये, म्हणजे पुस्तकांच्या कपाटांपाशी, न्याच. ड्युई दशांश वर्गीकरण, म्हणजे विषयानुसार पुस्तकांना आकडे देण्याची पद्धत, तासभर समजावण्यात अर्थ नाही. एक खेळ पुरतो. कांद्याची पुस्तकं कुठे असतील, असं विचारायचं. सगळे म्हणतात शेतीत. बरोबर, ६३५.२५ ला कांद्याची लागवड मिळते. पण कांद्याचं अर्थकारण ३३८.१ ला, म्हणजे अर्थशास्त्राच्या कपाटात, दोन दालनं पलीकडे. कांद्याचा व्यापार ३८१ ला. एकच कांदा तीन ठिकाणी! द्राक्षं ६३४.८ ला आहेत, तरी द्राक्षाची वाइन तिथे नाही, ती ६६३.२ ला.

मग प्रत्येकाला एक बोधांक (पुस्तकाच्या पाठीवरचा जागा सांगणारा क्रमांक) लिहिलेली चिठ्ठी द्या. ते पुस्तक काढायचं, आणि त्याच्या डावी-उजवीकडचं एकेक पुस्तकही आणायचं. तिन्ही पुस्तकांची अनुक्रमणिका, मागची सूची आणि संदर्भयादी पाहून दहा मिनिटांत सांगायचं : यातलं माझ्या कामाचं कुठलं, आणि किती पानं? अख्खं पुस्तक वाचावं लागत नाही, हे कळल्यावर काही मुलांच्या चेहऱ्यावर जो आराम दिसतो तो बघण्यासारखा असतो.

नियतकालिकांचे बांधीव खंड फक्त दाखवा. धूळ पुसून.

तिसरा वर्ग : गावातली आणि पडद्यावरची साधनं

नाशिकच्या मुलांना आपल्या दाराशी काय आहे ते माहीत नसतं. सार्वजनिक वाचनालय १८४० पासूनचं. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून इथेच, गोवर्धन शिवारात. त्यांची मराठीतली पाठ्यपुस्तकं नव्या विषयात शिरायला फार सोयीची. आरोग्य विज्ञान विद्यापीठही इथलंच. बाहेरच्या ग्रंथालयात जायचं तर आपल्या ग्रंथपालाचं पत्र घेऊन जावं, आधी फोन करावा आणि नेमकं काय हवं ते एका ओळीत सांगता यावं. ही ओळ वर्गातच लिहून घ्या. ‘मला गोदावरीवर माहिती पाहिजे’ असं म्हणणाऱ्याला जगातला कुठलाही ग्रंथपाल मदत करू शकत नाही.

जिल्ह्याबद्दल काहीही असो, सुरुवात गॅझेटियरपासून. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा सोळावा खंड नाशिकचा, १८८३ चा. राज्य शासनाने काढलेली सुधारित आवृत्ती १९७५ ची. दोन्ही ऑनलाइन मिळतात. दोन्हींतलं एकच प्रकरण शेजारी शेजारी वाचायला द्या आणि विचारा, हे कुणी, कुणासाठी लिहिलं? पहिलं इंग्रज सरकारच्या कारभारासाठी लिहिलं गेलं, म्हणून त्यात जमीनमहसूल बारीकसारीक तपशिलासह येतो आणि माणसं जातींच्या खान्यांत घालून मांडलेली असतात. काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० ला सुरू झाला. ‘गॅझेटियरमध्ये सत्याग्रहाबद्दल एक ओळ नाही’ असं एका मुलाने चक्क निष्कर्ष म्हणून लिहून आणलं होतं. त्याच्या हातात १८८३ चा खंड होता. हसू नका, मुखपृष्ठावरचं वर्ष बघायची सवय आपणच लावलेली नसते.

मराठी विश्वकोश ऑनलाइन आहे, तो पारिभाषिक शब्दांसाठी उघडायला लावा. दुसरा रकाना तिथेच भरतो.

पडद्यावरच्या साधनांत सगळ्यात जास्त वेळ शोधगंगेला द्या. देशभरातल्या विद्यापीठांचे पीएच.डी. प्रबंध तिथे आहेत, फुकट. मुलं पहिल्या पानापासून वाचायला लागतात आणि कंटाळतात. त्यांना सांगा : आधी संशोधन साहित्याचा आढावा घेणारं प्रकरण आणि शेवटची संदर्भयादी. एखाद्याने तीन-चार वर्षं घालवून जमवलेली यादी आयती मिळते आहे. पण प्रबंध आहे म्हणून तो चांगलाच असेल असं नाही, हेही सांगा. काही प्रबंध वाचून मला गाइडचीच दया आली आहे.

एन-लिस्ट (महाविद्यालयांना ई-पुस्तकं आणि ई-शोधपत्रिका पुरवणारी योजना) महाविद्यालयाने घेतलेलं असेल तर प्रत्येकाचं लॉगिन त्याच वर्गात चालू करून द्या. ‘नंतर करते’ म्हणणारी कधीच करत नाही. शोधपत्रिका वाचायला देणारी केंद्र सरकारची ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ ही योजना जानेवारी २०२५ पासून सुरू झाली. ती सरकारी संस्थांसाठी आहे, त्यामुळे आपलं महाविद्यालय त्यात बसतं का ते तुम्ही आधी तपासा, मुलांना उगाच आशा लावू नका. गूगल स्कॉलरवर लेख पैसे मागत असेल तर उजवीकडची पीडीएफची लिंक आणि लेखाच्या खालची ‘सगळ्या आवृत्त्या’ ही लिंक दाखवा. बऱ्याचदा तोच लेख दुसरीकडे मोकळा असतो. तिथेच ‘साइटेड बाय’ म्हणून आकडा दिसतो, त्यावर टिचकी मारली की त्या लेखाचा आधार घेणारे नंतरचे लेख मिळतात. संदर्भयादी मागे नेते, हा आकडा पुढे.

आकड्याचं मूळ गाव

‘नाशिकची लोकसंख्या किती?’ एवढाच प्रश्न टाका आणि पाच मिनिटं द्या. पाच संगणकांवर पाच आकडे येतात. काही संकेतस्थळं तर चालू वर्षाचा आकडा शेवटच्या अंकापर्यंत देतात. तो आला कुठून? मोजलेला शेवटचा आकडा २०११ च्या जनगणनेचा : महापालिका हद्द १४,८६,०५३ आणि जिल्हा ६१,०७,१८७. त्यानंतरचं जे काही आहे तो अंदाज, आणि कुणी कसा बांधला हे बहुतेक ठिकाणी लिहिलेलंच नसतं. शिवाय शहर, नागरी समूह, तालुका, जिल्हा या चार वेगळ्या गोष्टी. दोन आकडे जुळत नाहीत म्हणून एक खोटा असेलच असं नाही.

अशीच सवय बातमीला आणि व्हॉट्सॲपला लावायची. कांदा निर्यातबंदी डिसेंबर २०२३ मध्ये आली आणि मे २०२४ मध्ये उठली. त्या काळातला एखादा फॉरवर्ड केलेला संदेश द्या आणि मूळ अधिसूचनेपर्यंत जायला सांगा. विदेश व्यापार महासंचालनालयाच्या अधिसूचनेवर क्रमांक आणि तारीख असते. संदेशात ती आहे का? जे पान वाचतोय त्यावरच ‘आमच्याविषयी’ वाचत बसण्यापेक्षा दुसरा टॅब उघडून इतर लोक या संस्थेबद्दल काय म्हणतात ते पाहणं जास्त उपयोगाचं. पान स्वतःबद्दल वाईट कशाला लिहील?

शोधपत्रिकांचंही तसंच. पूर्वी विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्य शोधपत्रिकांची ‘केअर’ यादी पुढे केली की भागायचं. २०२५ मध्ये ती बंद झाली. आता संपादक मंडळातली माणसं खरोखर त्या विद्यापीठांत आहेत का, जुने अंक उघडतात का, चार दिवसांत छापून देतो म्हणून पैसे मागतात का, हे मुलांनाच बघावं लागणार.

चॅटबॉट वापरू नका असं मी सांगत नाही, कारण ती वापरणारच. उलट वर्गातच त्याच्याकडून आपापल्या विषयावर दहा मराठी-इंग्रजी संदर्भ मागवायचे आणि यादी छापून घ्यायची. मग हिरवं आणि लाल पेन. लेखक खरा आहे? पत्रिका खरी आहे? त्या खंडात, त्या पानावर हाच लेख आहे? डीओआय (लेखाचा कायमचा ऑनलाइन ओळखक्रमांक) टाकल्यावर काय उघडतं? चारही जुळले तर हिरवी खूण. एका गटाच्या यादीत लेखक खरा, पत्रिकाही खरी, आणि लेख मात्र कुणी लिहिलेलाच नव्हता. तो कागद लाल झालेला पाहिल्यावर मला भाषण द्यावं लागलं नाही.

चौथा वर्ग : टिपणं, उसनवारी आणि बापाचं नाव

टिपणाच्या प्रत्येक नोंदीला तीनपैकी एक खूण : ‘अ’ म्हणजे शब्दशः उतारा, ‘मा’ म्हणजे माझ्या शब्दात, ‘वि’ म्हणजे माझा विचार. आणि पान क्रमांक. तिथल्या तिथे. नंतर पान शोधण्यात रविवार जातो. झोटेरो हे संदर्भ जपून ठेवणारं सॉफ्टवेअर मोफत आहे; ज्यांच्याकडे लॅपटॉप आहे त्यांना शिकवा, बाकीच्यांना वही पुरते.

वाङ्मयचौर्याबद्दल विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८ चे नियम सांगताना मुलं एवढंच ऐकतात की दहा टक्क्यांपर्यंत साम्य चालतं. मग शब्द फिरवून टक्का उतरवायचा धंदा सुरू होतो. सॉफ्टवेअर साम्य मोजतं. कल्पना कुणाची हे त्याला कळत नाही. एक परिच्छेद द्या, पुस्तक मिटायला लावा, आणि शेजारणीला समजावून सांगितल्यासारखं लिहायला सांगा. त्यानंतर पुस्तक उघडून ताडून बघायचं. शब्द फिरवणं आणि समजून लिहिणं यातला फरक तेव्हाच दिसतो.

निफाडची ती मुलगी इथे अडली. खालचा थर आधी बसतो, हे तिच्या वडिलांनी सांगितलं होतं. ‘हे कुठल्या पुस्तकात मिळेल, मॅडम?’ मी म्हटलं, पुस्तक कशाला? वडिलांची मुलाखत घे. त्यांना विचार, नाव घातलं तर चालेल का. तारीख, गाव, चाळ किती फुटी, किती वर्षांचा अनुभव, सगळं लिही. संदर्भात ‘प्रत्यक्ष मुलाखत’ म्हणून टाक. मग त्याशेजारी शोधलेला लेख ठेव, दोघांचं कुठे जुळतं, कुठे नाही ते मांड.

वही तपासताना

लेखी परीक्षा घेऊ नका. शोधाची वही पुरते : तारीख, कुठे शोधलं, कुठल्या शब्दांनी, किती मिळालं, त्यातलं काय घेतलं, काय टाकलं आणि का. फसलेल्या शोधांना गुण द्या. सगळे शोध यशस्वी दिसणारी वही बहुधा आदल्या रात्री लिहिलेली असते.

वेळापत्रकाबद्दल एक. चौथा वर्ग शनिवारी दुपारी ठेवू नका. सिन्नर, येवला, कळवणची मुलं साडेतीनपासून खिडकीबाहेर बघायला लागतात, कारण चारची एसटी चुकली की पुढची कधी ते महामंडळालाच ठाऊक. मी तो आता बुधवारी सकाळी घेते. निफाडची ती मुलगी सध्या मागच्या बाकावर बसून नव्या गटाला तीन रकाने आखून देते, आणि ‘घट’ला इंग्रजीत काय म्हणतात ते मला विचारू देत नाही.